जानेवारीत जन्मलेले खेळाडू : एका लोकप्रिय नियमाची तपासणी

माल्कम ग्लॅडवेल यांचे 'आउटलायर्स' हे इंग्रजी पुस्तक २००८ साली प्रसिद्ध झाले. असामान्य यश मिळवणाऱ्या माणसांच्या यशात बुद्धी आणि मेहनत यांखेरीज परिस्थितीचा वाटा किती मोठा असतो, हे दाखवणे हा या पुस्तकाचा हेतू आहे. त्यातील पहिले प्रकरण इतके गाजले की पुस्तक न वाचलेल्यांनाही ते ऐकून माहीत असते. कॅनडातील आइस हॉकीच्या अव्वल खेळाडूंमध्ये जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्च या महिन्यांत जन्मलेल्यांचा भरणा असतो. वर्षअखेरीस जन्मलेले मात्र अगदी थोडे असतात, असे हे प्रकरण सांगते.

या प्रकरणातील मूळ निरीक्षण खरे आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र अर्धाच खरा आहे, आणि जो अर्धा भाग सुटला आहे तोच शिक्षकांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. शाळेचा संघ निवडताना पाचवी-सहावीतल्या एखाद्या मुलाला 'तुला जमणार नाही' असे सांगितले जाते, तेव्हा आपण नेमके काय मोजलेले असते, हा प्रश्न त्या भागात दडलेला आहे. म्हणून या नियमाची जरा बारकाईने तपासणी करू.

निरीक्षण काय होते?

आइस हॉकी म्हणजे आपली मैदानी हॉकी नव्हे. बर्फाच्या रिंगणात, पायांत स्केट घालून खेळायचा हा धसमुसळा खेळ आहे. उंची, वजन आणि ताकद यांना त्यात मोठे महत्त्व असते. कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतातील लेथब्रिज विद्यापीठात रॉजर बार्न्सली हे मानसशास्त्रज्ञ काम करत होते. तेथील 'लेथब्रिज ब्रॉन्कोज' या संघाचा सामना पाहायला ते गेले असता त्यांच्या पत्नी पॉला सामन्याची माहितीपुस्तिका चाळत होत्या. खेळाडूंच्या जन्मतारखांवरून नजर फिरवताना वर्षाच्या पहिल्या काही महिन्यांची गर्दी त्यांना जाणवली. मग या दोघांनी ए. एच. थॉम्प्सन यांच्यासह इतर संघांच्या याद्याही तपासल्या. त्यांचा निबंध १९८५ साली प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास, १९८४ मध्ये, क्वेबेक प्रांतातील सिमॉन ग्रोंदँ आणि त्यांचे सहकारीही स्वतंत्रपणे अशाच निष्कर्षाला पोचले होते.

कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही. कॅनडात मुलांचे वयोगट १ जानेवारी ही तारीख धरून ठरतात. त्यामुळे २ जानेवारीला जन्मलेला आणि त्याच वर्षी ३० डिसेंबरला जन्मलेला मुलगा एकाच गटात खेळतात. प्रौढ वयात एका वर्षाच्या फरकाला काही अर्थ नसतो. पण दहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत एक वर्ष म्हणजे त्याच्या आजवरच्या आयुष्याचा दहावा भाग. वयात येताना मुलगे एका वर्षात आठ-दहा सेंटिमीटरही वाढतात. साहजिकच निवड करणाऱ्याला जानेवारीतला मुलगा थोराड, चपळ आणि समजूतदार दिसतो. तो निवडला जातो. त्याला चांगला प्रशिक्षक मिळतो, जास्त सामने मिळतात, जास्त सराव मिळतो. दोन-तीन वर्षांनी तो खरोखरच अधिक चांगला खेळू लागतो. आरंभी जो फरक निव्वळ वयाचा होता तो आता कौशल्याचा झालेला असतो.

समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ मध्ये वैज्ञानिकांच्या जगातील अशाच प्रकाराला 'मॅथ्यू परिणाम' असे नाव दिले होते. ज्याच्याकडे आहे त्याला आणखी मिळते, या बायबलमधील विचारावरून हे नाव आले. ग्लॅडवेल यांनी तेच नाव या प्रकरणाला दिले आहे, आणि ते चपखल आहे. संशोधक याला 'सापेक्ष वय परिणाम' म्हणतात.

यात ग्रहताऱ्यांचा संबंध नाही

'जन्मवेळेचा आयुष्यावर परिणाम होतो, हे आता विज्ञानानेही मान्य केले', असे कोणी म्हणण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. जानेवारी महिन्यात स्वतःचे असे काहीच नाही. महत्त्व आहे ते वय मोजण्याच्या तारखेला.

हे कशावरून? १९९४ साली 'नेचर' या नियतकालिकात ड्युडिंक यांनी नेदरलँड्स आणि इंग्लंडमधील फुटबॉलपटूंच्या जन्मतारखांविषयी एक छोटे टिपण लिहिले. नेदरलँड्समध्ये तेव्हा वय १ ऑगस्टपासून मोजत, तर इंग्लंडमध्ये १ सप्टेंबरपासून. दोन्हीकडे गर्दी होती ती त्या त्या तारखेनंतरच्या महिन्यांत. याहून भक्कम पुरावा बेल्जियममधून आला. तेथील फुटबॉल संघटनेने १९९७ मध्ये ही तारीख १ ऑगस्टवरून १ जानेवारीवर आणली. हेल्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बदलापूर्वीच्या आणि नंतरच्या कुमार खेळाडूंची तुलना केली. तारीख हलली तशी गर्दीही हलली. पूर्वी ऑगस्टनंतर जन्मलेल्यांना मिळणारा फायदा आता जानेवारीनंतर जन्मलेल्यांना मिळू लागला. देश तोच, हवामान तेच, ग्रहही तेच. बदलला होता तो फक्त कार्यालयातला एक नियम.

हा प्रकारच मुळी निराळा आहे. जन्मपत्रिकेवरून भाकीत करता येते का, याची चाचणी जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये पुण्यात घेतली होती. तीत २७ ज्योतिषांनी दिलेली उत्तरे सुमारे ४६ टक्के बरोबर आली, म्हणजे नाणे उडवून मिळतील तेवढीच. सापेक्ष वयाचा परिणाम अशा चाचण्यांत टिकतो, कारण त्यामागची यंत्रणा आपल्याला दाखवता येते आणि तारीख बदलून ती उलटीही करता येते.

'पोलादी नियम' किती पोलादी?

येथवर ग्लॅडवेल यांच्याशी आपले काही भांडण नाही. भांडण सुरू होते ते पुढे. कॅनडाच्या हॉकीचा 'पोलादी नियम' म्हणून ते पुढील प्रमाण सांगतात: सर्वोत्तम खेळाडूंच्या कोणत्याही गटात ४० टक्के खेळाडू वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेले, ३० टक्के दुसऱ्या, २० टक्के तिसऱ्या आणि १० टक्के चौथ्या तिमाहीत जन्मलेले असतात. आकडे इतके गोल आहेत की ते लक्षात राहतातच. पण लक्षात राहणे आणि खरे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिला आक्षेप दाखल्याच्या निवडीविषयी आहे. पुस्तकात 'मेडिसिन हॅट टायगर्स' या कुमार संघाची २००७ ची यादी दिली आहे. २५ पैकी १७ खेळाडू जानेवारी ते एप्रिल या चार महिन्यांतले. सर्व महिन्यांना सारखी संधी असती तर असे घडण्याची शक्यता दहा हजारांत सुमारे चार इतकी येते. आकडा प्रभावी आहे खरा. परंतु वाचकाला चकित करण्यासाठी अनेक संघांतून एक संघ निवडला की ही गणिते अर्थ गमावतात. शंभर नाणी दहा-दहा वेळा उडवावीत आणि ज्या नाण्याचे नऊ छाप पडले तेवढेच दाखवावे, तसा हा प्रकार होतो.

दुसरा आक्षेप परिणामाच्या आकाराविषयी आहे. २००९ मध्ये कॉबली आणि सहकाऱ्यांनी १६ देशांतील १४ खेळांवरच्या ३८ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. परिणाम निःसंशय आढळला. पण सर्व मिळून पाहता पहिल्या तिमाहीचा वाटा सुमारे ३१ टक्के आणि शेवटच्या तिमाहीचा सुमारे २१ टक्के होता. ४० आणि १० यांच्यापासून हे बरेच दूर आहे. परिणाम सर्वांत तीव्र होता तो १५ ते १८ या वयात, आणि प्रौढांमध्ये तो ओसरत गेलेला दिसला. मुलींमध्ये तो सहसा सौम्य असतो. जिम्नॅस्टिक्ससारख्या, लहान आणि हलके शरीर उपयोगी पडते अशा खेळांत तर तो आढळत नाही, किंवा उलटाही आढळतो. थोडक्यात, हा सर्व खेळांना आणि सर्व वयांना लागू पडणारा नियम नाही. शरीराचा आकार, स्पर्धेची चुरस आणि निवडीचे वय यांवर तो अवलंबून आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. 'सर्वोत्तमांतील सर्वोत्तम' खेळाडूंमध्ये हा नियम खरा ठरायला हवा. नेमका तेथेच तो मोडतो. गिब्स, जार्व्हिस आणि ड्यूफर यांनी २०१२ मध्ये उत्तर अमेरिकेतील राष्ट्रीय हॉकी लीगमधील कॅनडात जन्मलेल्या खेळाडूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. कुमार संघांत जो परिणाम ठळक होता तो या लीगमध्ये मध्यम झाला होता. आणि सर्वांत नावाजलेल्या खेळाडूंत, म्हणजे ऑल-स्टार आणि ऑलिंपिक संघांत, तो चक्क उलटा झाला होता. वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेल्यांची कारकीर्दही सरासरीने अधिक लांबलेली आढळली.

चूक कोणाची?

आता या उलटापालटीचा अर्थ कसा लावायचा? डीनर, लोवेन आणि कॉबली यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचा एक महत्त्वाचा धागा सापडतो. राष्ट्रीय हॉकी लीगमधील क्लब दर वर्षी पाळीपाळीने तरुण खेळाडू निवडतात. या निवडीला 'ड्राफ्ट' म्हणतात. आधी निवडला गेला तो अधिक गुणी, असा क्लबांचा अंदाज असतो. संशोधकांनी १९८० ते २००६ पर्यंतचे ड्राफ्ट घेतले आणि निवडलेले खेळाडू पुढे प्रत्यक्षात कसे खेळले हे पाहिले. वर्षाच्या दुसऱ्या सहामाहीत जन्मलेले खेळाडू त्यांच्या पुढील कामगिरीच्या मानाने ४० हून अधिक क्रमांक मागे निवडले गेले होते. पहिल्या तिमाहीतील खेळाडूंच्या तुलनेत ४०० सामने किंवा २०० गुण हे टप्पे गाठण्याची त्यांची शक्यता सुमारे दुप्पट होती. निवड करणारे पोटापाण्यासाठी हेच काम करणारे तज्ज्ञ होते, निवडायची मुले अठरा वर्षांच्या आसपासची होती, आणि सापेक्ष वयाचा परिणाम तोवर सर्वज्ञात झाला होता. तरीही चूक होतच राहिली आणि काळाबरोबर ती कमीही झाली नाही.

ग्लॅडवेल यांच्या मांडणीत हाच भाग येत नाही. त्यांच्या मते आधी जन्मलेल्यांना जास्त सराव मिळतो, म्हणून ते खरोखर श्रेष्ठ होतात, आणि उरलेल्यांची गुणवत्ता वाया जाते. तसे असते तर निवड करणाऱ्यांचा अंदाज शेवटी बरोबर ठरला असता. तो ठरत नाही. म्हणजे अठराव्या वर्षीही निवड करणाऱ्यांच्या नजरेवर शरीराच्या थोराडपणाचा किंवा त्यातून मिळालेल्या जुन्या नावलौकिकाचा पगडा असतो. दोष खेळाडूच्या जन्ममहिन्यात नाही, मोजपट्टीत आहे.

या उलटापालटीवरून दुसऱ्या टोकाचा निष्कर्ष काढण्याचा मोहही टाळला पाहिजे. 'मोठ्यांशी झुंजून लहान मुले तावूनसुलाखून निघतात, म्हणून उशिरा जन्मणे शेवटी फायद्याचेच', असे काही जण म्हणतात. यात तथ्य असू शकेल. पण दुसरे, अधिक साधे स्पष्टीकरणही आहे. समजा, एका दारातून काहींना सहज सोडले आणि काहींना कठीण परीक्षा घेऊनच सोडले. आत पोचलेल्यांमध्ये दुसऱ्या प्रकारचे लोक सरासरीने अधिक गुणी दिसणारच. दाराने त्यांना गुणी बनवले असा याचा अर्थ होत नाही. दाराबाहेर राहिलेली, तितकीच किंवा थोडीच कमी गुणी मुले या आकडेवारीत कुठेच नाहीत. अकराव्या वर्षी खेळ सोडलेल्या मुलाची कारकीर्द कोणत्याही तक्त्यात येत नाही.

एक वय कॅलेंडरचे, एक वय शरीराचे

उपाय म्हणून ग्लॅडवेल सुचवतात की जन्ममहिन्यांनुसार दोन किंवा तीन वेगळ्या लीग कराव्यात. शाळेतील वर्गही असेच पाडावेत. कागदावर हे आकर्षक वाटते. पण बारा महिन्यांचा फरक चार महिन्यांवर आणला तरी तारीख उरतेच. शिवाय ज्या शाळेत एका वयाची दहा-बारा मुले खेळायला मिळणे कठीण, तेथे तीन संघ आणायचे कोठून?

याहून मूलभूत अडचण अशी की, जन्मतारीख आणि शरीराची वाढ या एकच गोष्ट नाहीत. तेराव्या वर्षी एकाच दिवशी जन्मलेल्या दोन मुलांच्या हाडांच्या वाढीत काही वर्षांचा फरक असू शकतो. आठवीच्या वर्गात उभे राहिले की हे कोणालाही दिसते: एकाला मिसरूड फुटलेली असते आणि शेजारचा अजून लहान मुलासारखा असतो. डिसेंबरात जन्मलेला पण लवकर वयात आलेला मुलगा जानेवारीतल्या मुलाला सहज भारी पडू शकतो. इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगच्या अकादमींनी ११ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी वेगळा प्रयोग केला. मूल मोठेपणी किती उंच होईल याचा अंदाज बांधून, त्यांपैकी किती टक्के उंची आज झाली आहे यावरून गट पाडले. थोराड मुलांना प्रथमच निव्वळ ताकदीवर जिंकता येईना. त्यांना कौशल्य वापरावे लागले. उशिरा वाढणाऱ्यांना पुढाकार घ्यायची संधी मिळाली. दोघांचाही फायदाच झाला.

त्याहून स्वस्त उपाय नेदरलँड्समध्ये तपासला गेला. मान आणि व्हॅन गिनेकन यांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. एका व्यावसायिक फुटबॉल क्लबच्या निवडकर्त्यांना लहान मुलांचे सामने दाखवून गुणवत्ताक्रम लावायला सांगितला. एरवी त्यांचा कल मोठ्या मुलांकडे गेला. मुलांच्या जन्मतारखांची यादी हातात दिली, तरी कल तसाच राहिला. पण शर्टावरचे क्रमांक वयाच्या क्रमाने दिले आणि तसे निवडकर्त्यांना सांगितले, तेव्हा हा कल नाहीसा झाला. माहिती असून भागत नाही; निर्णय घेण्याच्या क्षणी ती डोळ्यांपुढे असावी लागते.

आपल्या मैदानावर

आपल्याकडे शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. वय मोजताना १ जानेवारी ही तारीख धरतात. एकेका गटात दोन-तीन वर्षांची मुले एकत्र येत असल्याने येथील फरक बारा महिन्यांहूनही मोठा असू शकतो. १९ वर्षांखालील क्रिकेट विश्वचषकासाठी मात्र १ सप्टेंबर ही तारीख धरली जाते. म्हणजे सप्टेंबरात जन्मलेली मुलगी शाळेच्या कबड्डीत आपल्या वर्षातल्या लहानांत मोडेल आणि त्या क्रिकेटमध्ये सर्वांत मोठ्यांत. मुलगी एकच, तिच्या 'गुणवत्ते'विषयीचा अंदाज मात्र दोन मैदानांवर दोन प्रकारचा.

याचा अभ्यास विद्यार्थ्यांकडून करून घेण्याजोगा आहे, पण दोन खड्डे सांभाळावेत. पहिला नोंदींचा. शाळेत नाव घालताना जन्मतारीख माहीत नसली की १ जून लिहिण्याची पद्धत आपल्याकडे दीर्घकाळ होती. जुने जनरल रजिस्टर उघडले तर १ जूनला जन्मलेल्यांची रांग दिसेल. अशा नोंदी वेगळ्या काढल्या पाहिजेत. शिवाय स्पर्धेसाठी वय कमी दाखवण्याचा प्रकार आहेच. २०१५ च्या पतौडी स्मृती व्याख्यानात राहुल द्रविड यांनी याविषयी कळकळीने सांगितले होते. भारतीय क्रिकेट मंडळ २०१२ पासून १६ वर्षांखालील खेळाडूंसाठी मनगटाच्या हाडांच्या क्ष-किरण चित्रावरून वय ठरवण्याची पद्धत वापरू लागले, ते याचमुळे. कागदावरचे वय खोटे असेल तर जन्ममहिन्यांचे तक्ते काहीच सांगणार नाहीत.

दुसरा खड्डा लहान संख्यांचा. समजा, चार वर्षांच्या संघांतील ४८ खेळाडूंची तिमाहीनुसार विभागणी १८, १३, १०, ७ अशी आली. 'सिद्ध झाले' असे म्हणावेसे वाटेल. पण प्रत्येक तिमाहीत १२ अपेक्षित धरून काय-वर्ग काढला तर तो ५.५ येतो. इतका किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने शंभरात सुमारे १४ वेळा पडू शकतो. तेव्हा तालुक्यातील अनेक शाळांची माहिती एकत्र करावी, आणि तुलना शाळेतील सर्व मुलांच्या जन्ममहिन्यांशी करावी. सारख्या चार भागांशी नव्हे.

संघ निवडण्यासाठी मात्र एवढ्या आकडेमोडीची वाट पाहायला नको. निवडचाचणीच्या यादीत मुलांची नावे आडनावांच्या क्रमाने लिहिण्याऐवजी वयाच्या क्रमाने लिहावीत, आणि छातीवरचे क्रमांकही तसेच द्यावेत. आज वगळलेल्या मुलांना सरावाला येऊ द्यावे, आणि पुढच्या वर्षी त्यांची पुन्हा चाचणी घ्यावी. चौदाव्या वर्षापर्यंत कोणालाही कायमचे बाहेर काढू नये. यासाठी पैसा लागत नाही, परवानगीही लागत नाही.

'आउटलायर्स'ने एक उपयुक्त प्रश्न लाखो वाचकांपर्यंत पोचवला, हे त्याचे श्रेय आहे. पण यश परिस्थितीवर अवलंबून असते एवढे सांगून ते पुस्तक थांबते, आणि ही परिस्थिती घडवणारा माणूस मैदानाच्या कडेला शिट्टी आणि यादी घेऊन उभा असतो, हे त्यात पुरेसे येत नाही. राष्ट्रीय हॉकी लीगमधले तज्ज्ञ पंचवीस वर्षे जी चूक करत राहिले, ती शाळेच्या मैदानावर एका दुपारी टाळता येण्यासारखी आहे.